मागें बसून गाणारे

आमच्या शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाची तयारी चालू असतांना एके दिवशीं सायंकाळीं एक विद्यार्थी आमच्याकडे आला. गेलीं दोन वर्षें तो शाळेच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवितो. या वर्षीं त्याच्याकडे आणखी एक काम आलें होतें. मुख्य गाणारी मुलगी पुढें उभी राहून गाणार, आणि यानें मागें गिटार वाजवीत तिच्या सुराखालीं दुसरा सूर धरावयाचा व ध्रुपद आलें म्हणजे तें उचलावयाचें. तो म्हणाला, "सर, मला दोन्ही येतात, पण एका वेळीं येत नाहींत. गाऊं लागलों कीं हात थांबतो, आणि हात चालूं ठेवला कीं शब्द पळून जातात." मग जमिनीकडे पाहत त्यानें खरें दुखणें सांगितलें. "आणि सर, एवढं करून माझ्याकडे कोणी बघणार आहे का?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं त्यास त्याच दिवशीं दिलें. दुसऱ्याचें उत्तर द्यावयाचें तर आमच्या आयुष्यांतील एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती सांगण्याचें धैर्य त्या दिवशीं आम्हांस झालें नाहीं. ती आज येथें सांगत आहों.

वाद्य वाजवीत मागून गाणारा मनुष्य आपल्याकडे नवा नाहीं. शाहीर डफावर थाप मारून पोवाडा सांगूं लागतो, तेव्हां त्याच्यामागें तुणतुणेंवाला व झांजवाला उभे असतात. तुणतुण्यास तार एकच. परंतु ती छेडीत छेडीत तो मनुष्य शाहिराच्या चरणाचा शेवट उचलतो व 'जी जी' करून झील ओढतो. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा 1659 सालच्या त्या प्रसंगाचा आहे, आणि उपलब्ध पोवाड्यांत तो सर्वांत जुना मानला जातो. पोवाड्याबरोबर शाहिराचें नांव आपल्यापर्यंत आलें. त्याच्यामागें झील ओढणारांचीं नांवें आलीं नाहींत. तथापि झीलकरी गात असतो तेवढ्या अवधींतच शाहिरास श्वास घेतां येतो व पुढील चरण आठवतां येतो. झील बंद पडली तर शाहीर चार चरणांत थकून बसेल.

कीर्तनांतील टाळकऱ्यांचें काम हेंच. ख्यालगायनाच्या मैफलींतही गवयाच्या मागें तंबोरा घेऊन बसलेले शिष्य केवळ तारा छेडीत नाहींत. गुरूनें जागा सोडली कीं ते ती हलक्या आवाजांत भरून काढतात. कुमार गंधर्वांच्या मागें वसुंधरा कोमकली अशीच साथ करीत. किशोरी आमोणकर यांनीं पुढें मोठी कीर्ति मिळविली. परंतु आरंभीं त्या आपल्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर यांच्या मागें तंबोरा घेऊन बसत असत.

आमच्या विद्यार्थ्यांस हीं उदाहरणें जुनीं वाटतील, म्हणून त्यांच्या आवडीचें एक सांगतों. इंग्लंडांतील बीटल्स या चौघांच्या वाद्यवृंदानें आपल्या पहिल्या मोठ्या तबकडीवरील 14 गाण्यांपैकीं 10 गाणीं 11 फेब्रुवारी 1963 या एकाच दिवशीं लंडन येथें ध्वनिमुद्रित केलीं. जॉन लेनन यांस त्या दिवशीं सर्दी झाली होती. ज्या गाण्यांत घसा फाडून गावें लागे तें मुद्दाम सर्वांत शेवटीं ठेविलें होतें, आणि रात्रीं त्याची पाळी आली तेव्हां त्यांच्या आवाजांत फारसें कांहीं उरलें नव्हतें. मागें पॉल मॅकार्टनी व जॉर्ज हॅरिसन हे दोघे आपापलीं वाद्यें वाजवीत झील देत होते. तें गाणें आज ऐकतांना तो आवाज फाटलेला आहे हें कळतें, पण तो पडेल अशी भीति वाटत नाहीं. मागील दोन आवाज त्यास टेंकू देऊन उभे आहेत. मॅकार्टनी डावखुरे असल्यामुळें त्यांच्या वाद्याचा दांडा उलट बाजूस जाई, व म्हणून ते आणि हॅरिसन रंगमंचावर एकाच मायक्रोफोनपुढें अगदीं जवळ उभे राहून गाऊं शकत.

आतां त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊं. मनुष्याचें मन एका वेळीं दोन गोष्टींवर पूर्ण लक्ष ठेवूं शकत नाहीं. म्हणून दोहोंपैकीं एक गोष्ट मनाकडून काढून हाताच्या स्वाधीन केली पाहिजे. भाकरी थापतां थापतां आई मुलाचा पाढा ऐकते, ती याच रीतीनें. आम्हीं त्यास सांगितलें, "आठ दिवस गाऊं नकोस. नुसती गिटार वाजव, आणि वाजवितांना घरच्या माणसांशीं बोल. बोलतांना ताल मोडला नाहीं, म्हणजे हात तयार झाला असें समज. मग लय निम्मी कर. शब्द गाऊं नकोस, नुसते तालांत बोल. आणि कोणतें अक्षर हाताच्या कोणत्या फटक्यावर पडतें तें वहींत लिहून काढ. जेथें तूं अडखळतोस तेथें अक्षर फटक्यावर पडत नसून बहुधा दोन फटक्यांच्या मधें पडत असेल. ती जागा सांपडली कीं तेवढाच तुकडा वीस वेळां म्हण. सगळें गाणें पुन्हां पुन्हां म्हणण्यांत वेळ घालवूं नकोस."

दुसऱ्या सुराची अडचण निराळी. मुख्य गाणारी 'प' वर असतां यानें 'ग' वर, ती 'ग' वर उतरली कीं यानें 'सा' वर, असें साधारणपणें चालावयाचें असतें. परंतु कान तिच्या सुराकडे ओढ घेतो आणि आपण नकळत तिच्याच सुरावर जाऊन बसतों. यास उपाय एकच. आपली ओळ हें एक स्वतंत्र गाणें आहे असें समजून ती एकट्यानें पाठ करावी, व मगच तिच्या सुराशीं जोडावी. श्वास तिच्याबरोबर घ्यावा. तिचा खांदा किंचित् वर झाला कीं ती श्वास घेत आहे असें ओळखावें. शब्दही तिच्याबरोबरच सोडावा. शेवटचें 'स' किंवा 'त' दोघांचें मागेंपुढें पडलें, तर तडा गेलेलें भांडें वाजल्यासारखें होतें.

आमचें स्वतःचें वाद्य पेटी. ती वाजवीत गाणारास आणखी एक धोका असतो. त्याचा उजवा हात सुरांवर असतो व डावा भात्यावर. आणि भाता म्हणजे पेटीचा श्वासच. आपला आवाज चढला कीं डावा हात नकळत भाता जोरानें हाणूं लागतो, पेटीही ओरडूं लागते, आणि पुढें गाणाराचा आवाज त्या दोहोंखालीं दडपून जातो. हें आम्हांस पुस्तकांतून कळलें नाहीं.

आमचें गांव नगर जिल्ह्यांत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनीं अभंग, भजन व कीर्तन या आपल्या देशी रीती ख्रिस्ती उपासनेंत रुजविण्यासाठीं जे श्रम केले, त्यांचें फळ आमच्या बालपणीं खेड्यांतील मंदिरांतून ऐकूं येत असे. आमच्या मंदिराच्या भजनी मंडळांत सात माणसें होतीं. एकाकडे ढोलकी, एकाकडे पेटी आणि बाकीच्यांकडे टाळ. मुख्य गाणारे हे प्राथमिक शाळेंतून निवृत्त झालेले एक शिक्षक होते. सारें गांव त्यांस मास्तर म्हणे. त्यांचा आवाज मोठा नव्हता, परंतु दीडशेंच्या वर गीतें सर्व कडव्यांसह त्यांस तोंडपाठ होतीं. पेटी आम्हांस त्यांनींच शिकविली, आणि पहिल्याच आठवड्यांत एक नियम सांगितला. "पुढच्याला शब्द आठवला नाहीं, तर आधीं सूर धरून ठेवायचा. मग पहिलं अक्षर द्यायचं, फक्त त्याला ऐकूं जाईल असं. लोकांना कळलं तर ती मदत नव्हे."

1999 सालच्या नाताळच्या आदल्या रात्रीची गोष्ट. आमचें वय 19 होतें व आम्ही कॉलेजांतून सुटीस आलों होतों. त्या वर्षीं मंदिरांत प्रथमच ध्वनिक्षेपक आणला होता. मायक्रोफोन एकच असल्यामुळें तो मास्तर व पेटी यांच्या मधें ठेविला होता. मुंबई-पुण्याहून आलेल्या मंडळींनीं मंदिर भरून लोक दारांत उभे होते. दोन गीतें नेहमींप्रमाणें झालीं. तिसऱ्या गीताच्या तिसऱ्या कडव्याशीं मास्तर थांबले. एकदां टाळ वाजेल इतकाच वेळ ते थांबले असतील. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. त्या पाहण्यांत भीति नव्हती. त्यांस एक अक्षर हवें होतें, आणि तें मिळेल अशी त्यांची खात्री होती.

आम्हीं अक्षर दिलें नाहीं. आम्हीं सबंध ओळ गायिली. मायक्रोफोनकडे मान वळवून, भाता भरून, शेवटीं एक तान जोडून गायिली. लोकांनीं टाळ्या वाजविल्या. मग पुढील ओळही आम्हींच घेतली, आणि कडवें संपलें तेव्हां मास्तर आमच्यामागून ध्रुपद म्हणत होते. उपासना झाल्यावर त्यांनीं आमच्या पाठीवर हात ठेविला. "आवाज चांगला लागला, बाळ," एवढेंच ते म्हणाले. आम्हांस तो आशीर्वाद वाटला. घरीं जातांना आई मात्र म्हणाली, "त्यांना आठवलं असतं रे." त्याचा अर्थ त्या रात्रीं आम्हांस कळला नाहीं.

त्यानंतर मास्तर पुढें बसले नाहींत. पुढल्या रविवारीं त्यांनीं आपली गीतांची वही आमच्यापुढें ठेविली आणि टाळ घेऊन ते मागल्या रांगेंत जाऊन बसले. लोकांस वाटलें, वय झालें, तरुणांस पुढें करीत आहेत. आम्हांसही तसें समजणें सोयीचें होतें. पुढें तीन-चार वर्षें सुटीस गेलों म्हणजे आम्ही पेटी घेऊन पुढें बसत असूं, आणि मास्तर मागून झील देत.

एका उत्तम शुक्रवारीं आमचीच ओळ गेली. बोटें पेटीवर चालत होतीं, पण डोकें रिकामें झालें होतें व कपाळास घाम फुटला होता. तेवढ्यांत टाळांच्या आवाजांतून एक अक्षर आलें. तें कोणाच्या तोंडचें हें कळूं नये इतकें हळू आलें. त्या अक्षरामागून सारी ओळ धांवत आली व आम्ही गाऊं लागलों. गीत संपल्यावर मागें वळून पाहिलें. मास्तर डोळे मिटून टाळ वाजवीत होते. त्यांच्या शेजारी बसलेल्या टाळकऱ्यासही कांहीं कळलें नव्हतें. आईचें बोलणें आम्हांस त्या दिवशीं कळलें. मास्तरांस एक क्षण हवा होता, आणि तो क्षण आम्हीं त्यांच्यापासून घेतला होता.

त्यांची क्षमा मागणें हें आमचें कर्तव्य होतें. आज मागूं, उद्यां मागूं, असें करतां करतां आम्ही शिक्षकाच्या अभ्यासक्रमासाठीं दुसऱ्या शहरीं गेलों, आणि त्याच पावसाळ्यांत मास्तर गेल्याची बातमी आली. आम्ही दफनास पोहोंचलों तेव्हां मंडळी गात होती. पुढें कोणीच नव्हतें. सारे मागले गाणारे तेवढे उरले होते. कोणीं तरी पेटी आमच्याकडे सरकविली. आम्हीं ती घेतली नाहीं. टाळ घेऊन रांगेंत उभे राहिलों.

पालकांस एक विनंति आहे. संमेलनांत आपलें मूल मागल्या रांगेंत उभें आहे म्हणून खट्टू होऊं नये. तें पुढें कां नाहीं असें विचारण्यापूर्वीं, गाणें चालू असतां क्षणभर डोळे मिटून त्याचा आवाज शोधून पाहावा. तो सहज सांपडला नाहीं, तर बहुधा तें मूल आपलें काम नीट करीत असेल.

संमेलन पार पडलें. तो विद्यार्थी महिनाभर आमच्या सांगण्याप्रमाणें झटला होता. त्याचा हात कोठेंही अडला नाहीं. परंतु ध्रुपद संपलें आणि पुढें उभ्या असलेल्या मुलीस दुसऱ्या कडव्याचा आरंभ सांपडेना. आम्ही पडद्याआड उभे होतों. आमच्या छातींत धस्स झालें. त्या मुलानें ध्रुपदाची शेवटची ओळ आणखी एकदां उचलली, गाणें मुळांत तसेंच बसविलेलें असावें इतक्या सहजतेनें उचलली. ती ओळ संपण्याच्या आंत मुलीस शब्द सांपडले होते. कार्यक्रमानंतर पालकांनीं मुलीचें फार कौतुक केलें, व तें योग्यच होतें. ती उत्तम गायिली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो मुलगा आम्हांस शाळेच्या जिन्यांत भेटला. "सर," तो म्हणाला, "कोणाला कळलंच नाहीं." महिन्यापूर्वीं तो हेंच म्हणाला असता तर ती तक्रार झाली असती. आज तो हंसत होता.

मास्तरांची गोष्ट आम्हीं त्यास अजून सांगितलेली नाहीं. ती त्यास या पानांवर वाचावयास मिळेल.