जात नमःशूद्र, कॅटेगरी ओपन

आमच्या एटापल्लीच्या आठवडी बाजारात मासळीवाल्या मावशी गिऱ्हाईकाशी मराठीत बोलतात आणि एकमेकींशी बंगालीत भांडतात. आपण त्यांना सरसकट 'बंगाली' म्हणतो, की झालं.

इंजिनिअरिंगला माझा रूममेट शेजारच्या मुलचेरा तालुक्यातला, असाच बंगाली. फॉर्मवर कॅटेगरी ओपन. "ब्राह्मण का रे?" कुणीतरी विचारलं. तो हसला. "नमःशूद्र."

नमःशूद्र म्हणजे पूर्व बंगालातले शेतकरी, मच्छीमार. सवर्ण त्यांना 'चांडाल' म्हणत. दीर्घ लढ्यानंतर 1911च्या जनगणनेत नवं नाव नोंदलं गेलं. त्यांचे नेते जोगेंद्रनाथ मंडल. 1946 साली बाबासाहेबांना मुंबईतून संविधान सभेवर जाता येईना, तेव्हा मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना बंगालमधून निवडून आणलं. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, आणि आमच्याकडे जयंती तर केवढी जोरात होते!

फाळणीनंतर मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले, 1950 साली राजीनामा देऊन भारतात आले. त्यांची माणसंही दंगलींतून येत राहिली. सरकारने त्यांना बंगालपासून लांब, जंगलात नेलं. 1958 साली दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. एटापल्लीच्या पलीकडे, आज छत्तीसगडात असलेल्या पखांजूरकडे तर वसाहतींना नावांऐवजी नंबर मिळाले: पी.व्ही. अमुक, पी.व्ही. तमुक. 1960च्या दशकात आपल्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही वस्त्या उभ्या राहिल्या. खाडी-नद्यांच्या मुलखातली माणसं सागाच्या जंगलात भात लावायला लागली.

आता गंमत बघा. कलम 341प्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. पश्चिम बंगालच्या यादीत नमःशूद्र आहेत, महाराष्ट्राच्या नाहीत. म्हणजे ज्यांच्या पाठिंब्यावर बाबासाहेब संविधान सभेत पोचले, त्यांच्या नातवंडांना बाबासाहेबांच्याच महाराष्ट्रात दाखला नाही. कोड लिहिणाऱ्याला हा बग वाटेल. पण तो साठ वर्षं तसाच आहे.

आणि ती जमीन रिकामी होती का? 1877 साली गुलामीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांनी कॅन्ससच्या माळरानावर निकोडेमस गाव वसवलं, तेव्हा तिथल्या मूळ लोकांना आधीच हाकललेलं होतं. आपल्याकडे माडिया जंगलातच होते. निर्वासितांना जागा देताना त्यांना कोण विचारणार? पाणी कुठे लागेल, कुठला कंद खायचा नाही, हे मात्र आजोबांना माडियांनीच सांगितलं, असं रूममेट म्हणतो.

त्याच्या लहान बहिणीने यंदा बारावी दिली. फॉर्म भरायचाय.