महाप्रसादाचं घर

माझी पणजी मरेपर्यंत कुंकू लावत होती. पणजोबा 1918 साली घरी यायचे थांबले आणि पुन्हा कधी आलेच नाहीत. भाऊकीने वर्षभर वाट पाहून बांगड्या फोडायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "खबर आली नाही, तं कुकू कायले पुसू?" बारा वर्षं उलटल्यावर भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचं सुचवलं. तेही तिने होऊ दिलं नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात या हट्टाचे दोन अर्थ लावले गेले. घरचे म्हणत, बाई निष्ठेची. बाहेरचे म्हणत, त्याने तिकडे छत्तीसगडात दुसरं घर केलंय आणि हिला ते ठाऊक आहे. माझे आजोबा हा दुसरा अर्थ ऐकत लहानाचे मोठे झाले. त्यांच्यासमोर त्यांच्या वडिलांचा विषय काढायची कुणाची छाती नव्हती. पणजी गेल्यावर पणजोबांचं पान सर्वपित्रीला वाढायला लागले, तिथी ठाऊक नसलेल्यांमध्ये.

पणजोबा बंगाल-नागपूर रेल्वेच्या गँगमध्ये कीमन होते. ही कंपनी 1887ची. नागपूर-राजनांदगाव ही आधीची लहान रुळांची लाइन तिने ताब्यात घेतली, रुंद केली आणि 1891पर्यंत आसनसोलला नेऊन भिडवली. लाइन झाली तशी तिच्या देखभालीला माणसं लागली आणि भंडारा-गोंदियाकडची कितीतरी कोरडवाहू घरं या रुळांच्या कडेने पूर्वेकडे सरकली. दुष्काळाने गांजलेल्या कुणब्याच्या पोराला महिन्याच्या महिन्याला रोख पैसा देणारी दुसरी नोकरी सहजी मिळत नव्हती. मोठा हातोडा आणि पाना घेऊन रोज ठरलेल्या हद्दीतले रूळ पायी तपासायचे, ढिल्या चाव्या ठोकायच्या, हे त्यांचं काम. हद्द कुठली, हे मात्र आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ते कळलं त्र्यंबकेश्वरला. माझी चुलतबहीण नारायण-नागबळीसाठी तिथे गेली होती. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की आपलं कूळ कोणत्या उपाध्यायांकडे ते समजतं आणि मग ते वही उघडून आपल्याच घराण्यातली, आपण कधी न पाहिलेली माणसं समोर ठेवतात. हरिद्वारच्या पंड्यांकडेही अशा बह्या आहेत. त्यांतल्या कित्येक अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्मवर उतरवून घेतल्या. आमच्या वहीत पणजोबांच्या थोरल्या भावाने लिहवून घेतलेलं एक मोडी पान निघालं. बहिणीने त्याचा फोटो आणला आणि नागपूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी एक पैसाही न घेता तो वाचून दिला. आधीच्या पिढीतल्या प्रत्येक नावामागे 'कै.' होतं. पणजोबांच्या नावामागे ते नव्हतं. पुढे एवढंच होतं: मुक्काम कुम्हारी, जिल्हा द्रुग, रेल्वेत.

कुम्हारी! माझे वडील साठीच्या दशकात भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते 1959च्या फेब्रुवारीत सुरू झाली, त्यानंतर थोड्याच वर्षांत ते लागले. आमचं सगळं बालपण भिलाईच्या सेक्टरांत गेलं. बाजारहाटाला, सिनेमाला, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला रायपूरला जाताना प्रत्येक वेळी लोकल कुम्हारीला थांबायची, मग खारून नदीचा पूल लागायचा. आपल्या आजोबांचा शोध याच फलाटावर सुरू होतो, हे वडिलांना उभ्या नोकरीत कळलं नाही.

आमच्यासारख्यांच्या घराण्यांचे कुलवृत्तान्त कुणी छापलेले नाहीत. आमची जन्म-मरणं लिहिली गेली ती एका वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याबद्दल मराठी वाचकाला नीट सांगायला हवं असं मला वाटतं. जुन्या मध्य प्रांतात प्रत्येक गावाचा एक चौकीदार असे. विदर्भात तो कोतवाल, छत्तीसगडात कोटवार. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे लक्षात ठेवायचं आणि ठरलेल्या वारी पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचं, हे त्याच्या कामांपैकी एक. बहुतेक कोतवाल निरक्षर. विदर्भात हे काम पिढ्यान्पिढ्या मुख्यतः महार समाजाने केलं. तो तोंडी सांगे, ठाण्याचा कारकून म्हणजे मुहर्रिर लिहून घेई: मेलेल्याचं नाव, बापाचं नाव, जात, वय, मृत्यूचा दिवस, कारण. या नोंदवहीलाच विदर्भात आजही कोतवाल बुक म्हणतात. जातपडताळणीसाठी धावपळ केलेल्या प्रत्येक घराला हे नाव ठाऊक असतं. कुणबी नोंदी शोधायला 2023मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनेही हीच बुकं उघडली. ज्या माणसाला गावाच्या पाणवठ्यावर पाणी भरायची मुभा नव्हती, त्याच्या स्मरणशक्तीवर आज लाखो घरांची ओळख उभी आहे. त्याचे आभार मानल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

छत्तीसगडातली कागदपत्रं हिंदीत. कोणत्या अर्जाला कोणता कागद निघतो हेच समजायला मला वेळ लागला. मिसल बंदोबस्त जमिनीचा, दाखल-खारीज शाळेचा. मरणाचा कागद म्हणजे कोटवारी पंजी. एका कचेरीत ज्या वर्षांची पुस्तकं हवी होती तीच वाळवीने संपवली होती. पण दुसरीकडची प्रत शाबूत निघाली. नकल देणाऱ्या बाबूने लाल कापडाचा बस्ता सोडला आणि स्वतःचं जेवण बाजूला ठेवून माझ्याबरोबर पानं उलटायला बसला. "भाईसाहब, दादाजी का मामला है, आराम से देखिए," म्हणाला.

1918चं पुस्तक मी जन्मात विसरणार नाही. जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत गावाची नोंद संथ होती. महिन्याला दोन-तीन ओळी, सावकाश वळणदार अक्षर. ऑक्टोबरात अक्षर बदलतं. शाई पसरते, ओळी एकमेकींवर चढतात, समासातसुद्धा नावं येतात. कारणाच्या रकान्यात वर एकदा 'बुखार' लिहिलेलं आणि खाली ऐजन, ऐजन, ऐजन, पान संपेपर्यंत ऐजन. पुढचं पानही तसंच. त्या रकान्याला पटकी, देवी, प्लेग, ताप अशी मोजकीच कारणं माहीत होती. इन्फ्लुएंझा हा शब्द कोटवारापर्यंत पोचलाच नव्हता. मुंबईत जूनमध्ये उतरलेली ही साथ सप्टेंबरात दुसऱ्यांदा, कितीतरी जास्त क्रूर होऊन आली आणि रेल्वेने देशभर फिरली. त्या वर्षी पाऊसही नव्हता. हिंदुस्थानातल्या प्रांतांमध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाड सर्वांत जास्त होरपळले. 1911 ते 1921 या एकाच दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, ती मुख्यतः या काही महिन्यांमुळे. रुळांवर रोज चालणारा माणूस त्यातून सुटणं अवघड होतं.

पणजोबांची ओळ दसरा आणि दिवाळी यांच्यामधल्या एका दिवसाची निघाली. नावातली एक वेलांटी चुकलेली, पण बापाचं नाव बरोबर. वय 32. जातीच्या रकान्यात 'मराठा', कारण त्या गावात मराठी बोलणारा तो मराठाच. धंदा 'रेलवे गेंग'. कारण ऐजन. आणखी थोडं खाली एका बाईची नोंद होती आणि नात्यापुढे लिहिलं होतं, कोटवाराची बायको. बायकोचं मरण सांगून आल्यावरही तो माणूस पुढच्या वारी ठाण्यात गेलेला आहे, कारण पुस्तक थांबलेलं नाही.

माझा शोध तिथे संपला असता तरी चाललं असतं. तारीख मिळाली, तिथी काढता आली, दुसऱ्या घराची गोष्ट खोटी ठरली. पण एक प्रश्न उरला. परमुलखात, घरोघर प्रेतं पडलेली असताना, या माणसाला खांदा कुणी दिला?

कुम्हारी आता दोन मोठ्या शहरांच्या मधे सापडलेलं गाव आहे. हमरस्ता, कारखाने. जुनी वस्ती मात्र तलावाच्या बाजूला अजून आहे. तिथे मी पणजोबांचं नाव घेऊन विचारत फिरलो, कुणालाच ओळख लागेना. शेवटी एका बाईने सांगितलं, नाव नाही माहीत, पण केवटांच्या घरचा महापरसाद रेल्वेतला मराठी होता म्हणतात, तिथे विचारा.

छत्तीसगडात मितान बदतात. दोन माणसं, बहुधा वेगवेगळ्या जातींची, चारचौघांसमोर नारळ बदलून जन्मभराचं नातं जोडतात. पुरीच्या जगन्नाथाचा प्रसाद एकमेकांना भरवून जोडलं तर ते महाप्रसाद. एकमेकांचे आईबाप मग फूलददा आणि फूलदाई होतात, सुखदुःखं घरच्यासारखी पाळली जातात. आणि मितानाला नावाने हाक मारत नाहीत. भेटला की 'सीताराम महापरसाद', एवढंच. म्हणून त्या घरात शंभर वर्षं पणजोबांचं सगळं जपलं गेलं, फक्त नाव उरलं नाही.

दारात खाटेवर बसलेल्या वृद्ध बबांनी, म्हणजे आजोबांनी, मला निरखून विचारलं, "तुमन महापरसाद घर ले आय हव?" तुम्ही महापरसादाच्या घरून आलात का? ते त्या मितानाचे नातू. त्यांच्या आजोबांची खारूनवर होडी होती. साथीत गँगचा मेटही गेला, लाइनीतली निम्मी माणसं पळाली. पणजोबांना या केवटाने आपल्या घरी उचलून आणलं आणि तिसऱ्या दिवशी ते त्याच घरात गेले. सरण रचायला लाकूड मिळेना. माणसं तशीच नदीत सोडत होती. केवटाने आपला जुना डोंगा फोडला आणि त्याच्या फळ्यांवर मितानाला अग्नी दिला. डोंगा म्हणजे त्याची भाकरी होती. मग मुंडण करून तिसऱ्या आणि दहाव्या दिवसाचं तीजनहावन, दसनहावन केलं, अस्थी राजिमच्या संगमात सोडल्या. घरी कळवायला त्याच्याजवळ पत्ता नव्हता. 'भंडाऱ्याकडचा', एवढंच त्याला ठाऊक होतं.

"पितर पाखात त्याचं पाणी आम्ही चुकवलेलं नाही," बबांनी सांगितलं. तोरईच्या पानावर बरा आणि सोहारी, म्हणजे वडा आणि पुरी, ठेवून, महापरसादाच्या नावाने. मी नकल काढून पणजोबांचं नाव वाचलं. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं आणि सुनेला, नातवंडांना बोलावून सगळ्यांना ऐकवलं.

आमच्या घरी पणजोबांचं श्राद्ध व्हायच्या कितीतरी आधीपासून ते दुसऱ्या एका घरात होत होतं. हे ऋण फेडायचा विचारही उद्धटपणाचा वाटतो. वडिलांना मी कुम्हारीला नेलं. ऐंशी ओलांडलेल्या वडिलांनी आणि बबांनी हात जोडून एकमेकांना 'सीताराम महापरसाद' म्हटलं. त्या वर्षीच्या पितृपक्षापासून आमच्याकडे दोन पानं वाढली जातात, एक पणजोबांचं आणि एक त्या केवटाचं. पुढे गावी भाऊकीला बोलावून ती नकल मोठ्याने वाचून दाखवली. आजोबा ते ऐकायला नव्हते, याचं दुःख आहे.

ज्यांच्या घरात असा एखादा माणूस परत आलेला नाही, त्यांना माझी विनंती आहे. कोतवाल बुकाची पानं आता हात लागला की तुटतात आणि सगळीकडे त्यांच्या प्रती निघालेल्या नाहीत. तहसिलीत, जिल्ह्याच्या अभिलेखागारात आजच अर्ज करा. नक्कल मिळाली की तेवढ्यावर समाधान मानू नका. तो माणूस जिथे गेला त्या गावी जा आणि तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा.