चुन्याच्या पाण्यातला मका

परक्या देशातले सणाचे पदार्थ घरी करणाऱ्यांविषयी माझं मत फारसं बरं नव्हतं. मोबाइलवर बघायचं, फोटोपुरतं करायचं, आणि आपले रोडगे मात्र आचाऱ्याला सांगून करवून घ्यायचे! गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजून, वांग्याच्या भाजीबरोबर एक पंगत उठवून दाखव, मग जा मेक्सिकोत, असं मी पुतणीला तोंडावर म्हटलं होतं. ती नागपूरला शिकते. दिवाळीच्या सुटीत कोरपन्याला आली ती तामाल करायचे ठरवूनच.

तामाल म्हणजे मक्याच्या पिठात तिखट सारण भरून, कणसाच्या सालात गुंडाळून वाफवलेला पदार्थ. तिकडे ६ जानेवारीला तीन राजांच्या सणाचा गोल गोड पाव कापतात. त्यात दडवलेली बाळाची मूर्ती ज्याच्या वाट्याला येईल, त्यानं २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल खाऊ घालायचे. ही रीत मला तेव्हाही आवडली होती. पण "काकू, मका चुन्यात शिजवायचा बरं का" म्हटल्यावर मी हात जोडले. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, कुठंही खणा, चुनखडीच; सिमेंटचे कारखाने उभे आहेत ते तिच्याच जोरावर. आता तो चुना खायचाही?

माझं मत फिरलं ते पीठ मळताना. किलोभर वाळका मका, तीन लिटर पाणी आणि चमचाभर चुना. पानाला लावतात तो, भिंतीचा नव्हे. पातेलं स्टीलचं घ्यावं, अॅल्युमिनियमला चुना खातो. अर्धा-पाऊण तास मंद आचेवर शिजवून रात्रभर तसंच झाकून ठेवायचं. सकाळी दाणे चोळले की सालं बोटांत सुटून येतात. तीन-चार पाण्यांनी धुऊन पाट्यावर वाटायचं. मक्याच्या भाकरी मी लहानपणापासून थापतेय. पाणी कितीही कढत घ्या, कडा चिरतातच. हे पीठ मात्र दाबलं तसं दबलं, वळलं तसं वळलं. सासूबाईंनीही गोळा हातात घेऊन पाहिला आणि काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात ही मोठीच दाद.

मग मी वाचायला बसले. मेक्सिको आणि आसपासचे लोक तीनेक हजार वर्षांपासून मका असा चुन्यात शिजवत आलेत. मक्यातलं नायसिन एरवी शरीराच्या हाती फारसं लागत नाही, चुन्यानं ते मोकळं होतं. युरोपनं मका उचलून नेला, चुना तिथंच सोडला. पुढं स्पेन-इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला: उन्हात कातडी करपायची, जुलाब, शेवटी भ्रम. आणि हा आजार मक्यापुरताही नाही. आमच्या सीमेपलीकडे, हैदराबादेत, डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास तो ज्वारी खाणाऱ्या गरिबांत अभ्यासला आणि ज्वारीतल्या ल्युसिनकडे बोट दाखवलं. ज्वारीवरच वाढलेली मी, ते वाचून जरा दचकले. पुतणीच्या खटाटोपाला मी नुसती हौस समजत होते. तो चुन्याचा चमचा माणसं जगवत आला होता.

म्हणून सगळंच पटलं असं नाही. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला मेक्सिकोतले लोक पितरांसाठी झेंडूंची आरास करून पाव मांडतात, वर हाडांच्या आकाराच्या पट्ट्या. झेंडू मूळचा तिकडचाच, त्यामुळे आरास ओळखीची वाटते. पाव मात्र मैदा, साखर, अंडी आणि ओव्हनचा. गहूही तिकडे स्पॅनिश लोकांबरोबर गेलेला. आमच्या पितृपक्षात तो मी करणार नाही. वडे आहेत, खीर आहे, पुरे.

यंदा पोळ्याला रोडगेच होतील, त्यात वाद नाही. तान्ह्या पोळ्याला मात्र तामाल करीन म्हणते. डुकराच्या चरबीऐवजी तूप, सारणात कोंबडी, आणि मिरची आमच्या हातची. पीठ इतकं फेटायचं की त्याची गोळी पाण्यात तरंगली पाहिजे. पुतणीनं फोनवर बजावलंय, चुना मापातच घाला काकू, जास्त झाला तर साबणासारखा लागतो.