ओल उतरेपर्यंत

मे महिन्यात जळगावात अ‍ॅक्रेलिकनं काम करायचं म्हणजे सारखी घाई. पारा 44-45 अंशांच्या घरात असतो, पॅलेटवर काढलेल्या रंगावर बघता बघता साय धरते आणि ब्रश हातातच कडक होतो. अ‍ॅक्रेलिकमधलं पाणी उडालं की रंग वाळला, आणि इथल्या कोरड्या हवेत ते उडायला कितीसा वेळ लागणार! तैलरंगाचं तसं नाही. जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत घेत ते सावकाश घट्ट होतं. म्हणून उन्हाळ्यात मी तैलरंग काढतो आणि अ‍ॅक्रेलिकचे पातळ, पाणीदार थर पावसाळ्यासाठी राखून ठेवतो. अमूर्त चित्रकाराला निसर्ग काय देतो, असं कुणी विचारलं की मी आधी हे सांगतो. देखावा नंतर.

दुपारी बारा ते चार इथं रस्ते ओस पडतात. खानदेशातली ही स्तब्धता कुणी साधना म्हणून पत्करलेली नाही, ती उन्हानं लादलेली असते. पण चित्रकाराच्या ती फार कामाची आहे. कपाशी उपटून रिकाम्या झालेल्या वावराच्या बांधावर, निंबाच्या सावलीत बसून राहिलं की काळी जमीन हळूहळू दिसायला लागते.

ही जमीन बेसॉल्ट झिजून झालेली. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आवळते. आवळताना फाटते, आणि भेगा अशा पडतात की त्यात अख्खा हात जावा. वरची भुसभुशीत माती वाऱ्यानं, गुरांच्या खुरांनी त्या भेगांत पडत राहते. मग मृगाचा पाऊस येतो, जमीन फुगते, भेगा मिटतात आणि वरची माती खालीच राहते. अशी ही जमीन वर्षानुवर्षं स्वतःच स्वतःला उलथत असते. मी चित्रात भेगा काढत नाही. भेगांचं जाळं दिसायला इतकं देखणं असतं की ते कॅनव्हासवर उतरवायचा मोह कुणालाही होईल, पण त्यातून नक्षी मिळते, जमीन मिळत नाही. मला हवा असतो तो वाळण्याचा क्रम. वरचा थर खालच्याच्या आधी आवळला की फाटतो. तैलरंगात खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे ठेवा, असं कलाशाळेत शिकवतात, त्यामागचं कारणही हेच. नियम मी वर्गात शिकलो. तो डोळ्यांना दिसला मात्र वावरात.

आणखी एक गोष्ट. काळी माती ओली असताना खरोखर काळी असते आणि वाळताना राखेसारखी उजळत जाते. अ‍ॅक्रेलिक बरोबर उलटं वागतं. ओला असताना त्यातलं माध्यम दुधाळ असतं, ते वाळून पारदर्शक झालं की रंग गडद होतो. पावसाळ्यात, शेजारच्या वावरात पाणी मुरत असताना मी करड्याचे थर देत असतो, तेव्हा बाहेर उजळणारी माती आणि आत गडद होणारा कॅनव्हास एकाच वेळी समोर असतात. कोणता करडा कुठे थांबेल, याचा अंदाज घेत बसणं हेच त्या दिवसांतलं मुख्य काम. हात फार थोडा वेळ चालतो.

धुळ्याकडे, पांझरेच्या खोऱ्यात गेलं की वेगळंच काही हाती लागतं. तिथली फड पद्धत काही शतकांची जुनी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कोणाला केव्हा मिळेल हे पाटकरी आणि जागल्या बघतात. टेकडीवरून पाहिलं तर उसाचा एक सलग हिरवा, त्याला लागून दुसऱ्या पिकाचा फिका पट्टा आणि पलीकडे मोकळ्या फडाचा तपकिरी. अमेरिकेत मार्क रॉथकोनं विसाव्या शतकात रंगाची मोठी क्षेत्रं एकमेकांशेजारी ठेवली, ती मला आवडतात. पण पांझरेकाठी हे रंग शोभेसाठी पसरलेले नाहीत. कोणता रंग कुठपर्यंत जाईल हे पाण्यानं आणि माणसांच्या आपसातल्या कबुलीनं ठरतं. तेव्हापासून मी कॅनव्हासवर एखादा रंग पसरताना त्याची हद्द कशामुळे पडते हे आधी ठरवतो. कारण सापडलं नाही तर तो रंग पुसून टाकतो.

जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. तिथल्या लेण्यांत उन्हातून आत शिरलं की प्रथम काहीच नीट दिसत नाही. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि बहुतेक पर्यटक त्याआधीच पुढच्या लेण्यात गेलेले असतात. थांबलं की आधी आकृत्या नाही, रंग वर येतात: गेरूचा तांबडा, पिवळी माती, काजळी आणि ती मंद हिरवी माती. बेसॉल्टच्या पोकळ्यांत मिळते ती हिरवी माती इथलीच. निळा तेवढा दूरचा, अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा. आसपासच्या खडकातून आलेल्या रंगांत तो परका निळा कसा जपून वापरलाय हे बघायला मी पुन्हा पुन्हा जातो.

स्तब्धतेचा विषय निघाला की चाळीसगावच्या केकी मूस यांचं (1912–1989) नाव निघतंच. वर्षानुवर्षं ते घराबाहेर पडले नाहीत आणि लोक त्यामागची प्रेमकहाणी सांगत राहतात. मला ती कहाणी दुय्यम वाटते. टेबलावर घरातल्याच साध्या वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडून त्यांनी छायाचित्रात अख्खे भूप्रदेश उभे केले. त्यासाठी लागणारा वेळ त्यांनी त्या घरात मिळवला, हे जास्त महत्त्वाचं आहे. नागपुरात जन्मलेले, पुढे दिल्लीत राहिलेले वासुदेव गायतोंडेही वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. रोलर आणि नाइफनं थर चढवायचे, खरवडायचे, आणि मधला बराचसा काळ नुसतं बघायचं. त्यांच्या कॅनव्हाससमोर उभं राहिलं की तो बघण्याचा काळ रंगात साठलेला जाणवतो. तो घाईनं आणताच येत नाही.

कलाशाळेतली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना मी पांझरेकाठी नेतो. कागद, मोबाइल दोन्ही पिशवीत. दुपारपर्यंत फक्त बसायचं आणि घरी गेल्यावर आठवणीतून रंग मिसळायचे, आकार काढायचा नाही. सुरुवातीला ती हमखास ट्यूबमधला हिरवा उचलतात. नंतर त्यांच्या कागदांवर करडे यायला लागतात, एकमेकांत थोडाच फरक असलेले, नीट नावं न देता येणारे. ते कागद मी जपून ठेवतो. पुढची खेप पोळ्यानंतर, तेव्हा बाजरी कणसात आलेली असेल.