तिसरा रकाना

मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्या पिढीला मांजरं-कुत्र्यांचा पाऊस आधी भेटला आणि इंग्रजी बोलणारा माणूस कितीतरी वर्षांनी. पाचवीत ए-बी-सी-डी, सातवी-आठवीत काळ आणि प्रयोग, आणि नववी-दहावीत ‘इडियम्स अँड प्रॉव्हर्ब्ज’. ऐंशीच्या सुमारास पुण्यातल्या आमच्या शाळेत त्यासाठी वेगळी दोनशेपानी वही असे. बाई पानावर पट्टीने दोन उभ्या रेघा मारायला लावत. पहिल्या रकान्यात इंग्रजी म्हण, दुसऱ्यात तिचा अर्थ आणि तिसऱ्यात त्याच अर्थाची मराठी म्हण. पहिले दोन रकाने बाई फळ्यावर लिहून देत. तिसरा रिकामा राही. तो घरी जाऊन भरायचा.

त्या रकान्यापायी सगळं घर कामाला लागे. वीरकरांचा कोश अर्थ सांगे, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला वाक्यं देई, पण म्हण कुठून आणायची? ती आजीकडे असे. आजीला इंग्रजीचं अक्षर ओळखता येत नव्हतं. मी तिला फक्त प्रसंग सांगायचा. “आजी, हातात एक पक्षी आहे आणि झुडपात दोन आहेत, तर हातातला सोडू नये.” भाजी निवडता निवडता ती म्हणे, “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. लिही.” वाईट कारागीर हत्यारांना नावं ठेवतो म्हटलं, की “नाचता येईना अंगण वाकडं.” रिकामी भांडी फार वाजतात म्हटलं, की “उथळ पाण्याला खळखळाट फार.” रोममध्ये रोमन लोकांसारखं वागावं हे ऐकल्यावर, रोम कुठे आहे हेसुद्धा न विचारता, “देश तसा वेश.”

बाई मात्र चटकन समाधान मानत नसत. ‘ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड’ समोर अर्ध्या वर्गाने ‘चकाकतं ते सारं सोनं नसतं’ लिहून आणलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या वह्या परत दिल्या. “ही इंग्रजीचीच सावली आहे. आपली आणा.” दुसऱ्या दिवशी ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ आली आणि बाईंचा चेहरा खुलला. ‘पेनी वाइज, पाउंड फूलिश’ला कुणी तरी ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ लिहिलं, त्यावर अख्खा तास चर्चा झाली. दमडीवाला कंजूष असतो. पेनीवाला कंजूष असेलच असं नाही, तो छोट्या खर्चावर नजर ठेवतो आणि मोठा खर्च त्याच्या हातून सुटतो. नाणी जवळची, माणसं निराळी. एवढा बारीक फरक करायला मी त्या तासाला शिकले आणि पुढे आयुष्यभर तो उपयोगी पडला.

त्या नाण्यांची गंमत मला अजून वाटते. आपल्याकडे 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले आणि रुपयाचे सोळा आणे गेले. आम्ही तर आणा हातात घेतलेलाही नाही. तरी ‘सोळा आणे खरं’ हे आमच्या तोंडी होतंच, आणि पैपैचा हिशेबही होता. इंग्लंडात 15 फेब्रुवारी 1971 पर्यंत एका पाउंडाचे 240 पेन्स होत, म्हणजे म्हणीतल्या पेनी आणि पाउंडात केवढं अंतर होतं ते समजतं. त्या दिवसापासून शंभरच झाले, म्हण मात्र जशीच्या तशी राहिली. फ्रेंच माणूस कफल्लक झाला की अजूनही आपल्याकडे एक ‘सू’ नाही म्हणतो. सू हे राज्यक्रांतीपूर्वीचं नाणं. त्याच्यानंतर आलेला फ्रँकसुद्धा 2002 मध्ये युरोसाठी बाजूला झाला, सू बोलण्यात टिकून आहे. टांकसाळ बंद झाली तरी भाषा आपली नाणी परत करत नाही.

फ्रेंच माझ्याकडे आली ती अकरावीत, आणि आली गुणांसाठी. त्या काळी पुण्या-मुंबईत दुसरी भाषा म्हणून फ्रेंच किंवा जर्मन घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचं कारण तेच होतं. पण त्याआधी एक छोटा पूल माझ्या मनात बांधला गेला होता. ‘रेन अँड मार्टिन’चं व्याकरण आमच्या घरात धर्मग्रंथासारखं कपाटात असे. त्यातले रेन म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. ते इथल्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि त्यांनीच 1924 मध्ये ‘बो जेस्त’ ही फ्रेंच परदेशी पलटणीवरची साहसकथा लिहिली. इंग्रजी कादंबरी, नाव फ्रेंच! आम्हाला शब्दयोगी अव्ययं शिकवणारा माणूस सहारातल्या सैनिकांच्या गोष्टी लिहीत होता, हे वाचनालयात कळलं तेव्हा या दोन भाषा शेजारणी आहेत हे मला पहिल्यांदा जाणवलं.

शेजारणी आणि भांडखोरही. सभेतून कुणालाही न सांगता सटकणं याला इंग्रज ‘फ्रेंच लीव्ह’ म्हणतो. फ्रेंच माणूस नेमकं तेच करणं इंग्रजांच्या माथी मारतो, ‘फिले आ लांग्लॅझ’, इंग्रजी पद्धतीने निसटणं. आपण बिचारे नुसता ‘काढता पाय’ घेतो, कुणा शेजाऱ्याला बोल लावत नाही.

कॉलेजात निळ्या पुठ्ठ्याचं गास्तों मोजे यांचं पाठ्यपुस्तक होतं, 1953 पासून चालत आलेलं, आणि ग्रंथालयात एक जाडजूड ‘पती लारूस’. या कोशाच्या मधोमध, सामान्य शब्द संपतात आणि विशेषनामं सुरू होतात तिथे, गुलाबी पानं असतात. म्हणी आणि लॅटिन वचनं त्या पानांवर. कोश घरी न्यायला मिळत नसे, त्यामुळे मी तिथेच बसून उतरवून घ्यायची. वही पुन्हा तीन रकान्यांची केली होती, फ्रेंच, इंग्रजी आणि मराठी. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय होती.

तिथे खरा खजिना सापडला. आपली ‘दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात’ घ्या. इंग्रजी ‘एकदा चावलं की दुसऱ्यांदा बिचकतो’ म्हणते, कोण चावलं ते सांगत नाही. फ्रेंचमध्ये मात्र पोळलेली मांजर थंड पाण्यालाही भिते. पोळणं आहे, थंड ते पाहून घाबरणं आहे, सगळं आपल्या म्हणीच्या अंगाने. इंग्रज अंडी फुटण्याआधी पिल्लं मोजू नका म्हणतो, फ्रेंच अस्वल मारण्याआधी त्याचं कातडं विकू नका म्हणतो (ला फोंतेनने यावर दंतकथाच रचली आहे), आणि आपला भट तुरी अजून बाजारात आहेत तोवर वरणावरून भटणीला मारतो. तिघांत मला आपलीच म्हण सर्वांत खोल वाटते. पिल्लं मोजणाऱ्याचं आणि कातडं विकणाऱ्याचं नुकसान त्याचं त्यालाच भोगावं लागतं. आपल्या म्हणीत हवेतल्या तुरीचा मार दुसऱ्याच्या पाठीवर पडतो.

आणि एके दिवशी फ्रेंचच्या मॅडमनी, जरा हसून, एक घरगुती म्हण सांगितली. माझ्या मावशीपाशी जर ‘ते’ असतं तर तिला मामा म्हटलं असतं. वर्गातल्या साऱ्या मराठी मुली एकदम ओरडल्या, “आत्याबाईला मिशा असत्या तर!” फ्रेंच म्हण जरा चावट आहे, आपली मिशांवर थांबते, इंग्रजीतही या आत्याची एक बहीण आहे. कुणी कुणाकडून घेतली असं मला वाटत नाही. ‘जर-तर’ला कंटाळलेली माणसं सगळीकडेच असतात.

त्या काळाचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. म्हणी आम्ही घोकल्या, निबंधात गरज नसताना कोंबल्या, उच्चार तर ऐकायलाच मिळत नव्हते. एखादा शब्द कसा म्हणायचा हे मॅडमच्या ओठांकडे पाहून शिकायचं. शिवाय आमची इंग्रजी जुनी होती. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ जोनाथन स्विफ्टच्या 1738 मधल्या संवादांच्या पुस्तकात आहे आणि आम्ही ती ताज्या फुलासारखी निबंधात माळत होतो. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल या कोळशाच्या गावाला कोळसा नेऊ नये हे पाठ केलं. त्याच ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसाखाण 2015 च्या डिसेंबरात बंद झाली.

आज माझी भाची कॉलेजात आहे. तिची फ्रेंच ए-वन, ए-टू, बी-वन अशा पायऱ्यांनी चालते, फोनवर रोज दहा मिनिटांचा सराव असतो, आणि पुढे कॅनडाला जायचं म्हणून ती माँट्रियलकडची बोलीही ऐकते. तिथे पुढे काही अवघड येणार असेल तर ‘आताश ता त्यूक’ म्हणतात, म्हणजे लोकरीची टोपी घट्ट बांध. हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ती मालिका पाहता पाहता एखादा वाक्प्रचार अडला तर क्षणभर थांबते, अर्थ बघते, खऱ्या फ्रेंच आवाजात ऐकते आणि पुढे जाते. तिचे उच्चार माझ्यापेक्षा कितीतरी सुरेख आहेत, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. माझ्या वेळी ब्रूअरचा 1870 चा वाक्प्रचारांचा कोश पाहायला मोठ्या ग्रंथालयात जावं लागे, ‘त्रेझॉर द ला लांग फ्रांसेझ’च्या सोळा खंडांचं तर नावच ऐकून होते. आता दोन्ही तिच्या खिशात आहेत. 1999 च्या सुमारास ईमेलवर एक गोष्ट फिरत होती. जुन्या घरांच्या गवती छपरावर कुत्री-मांजरं झोपत आणि पावसात घसरून खाली पडत, म्हणून ‘कॅट्स अँड डॉग्ज’चा तो वाक्प्रचार आला, अशी. आम्ही असल्या गोष्टी मुकाट्याने मानल्या असत्या. भाचीने ती मिनिटभरात खोटी म्हणून बाजूला टाकली.

पण परवा तिने मला ‘अस्वलाचं कातडं’ मोठ्या हौसेने समजावून सांगितलं, इंग्रजी कोंबडीची पिल्लंही तिला ठाऊक होती. मी म्हटलं, “आणि आपल्याकडे काय म्हणतात गं, मावशीला सांग बघू.” ती थांबली. बाजारातल्या तुरी तिने कधी ऐकल्याच नव्हत्या. तिच्या शाळेने तिला इंग्रजी उत्तम शिकवली, फोन फ्रेंच शिकवतोय. तिसरा रकाना मात्र कुणी आखलाच नाही.

मला लागलेली खंत एवढीच आहे. अर्थ मिळायला आम्हाला वेळ लागे आणि त्या वेळात आजी भेटे. आज अर्थ इतका पटकन मिळतो की कुणाला काही विचारावंच लागत नाही. आमच्या बाई इंग्रजी शिकवत होत्या, पण त्या वहीने मला मराठी दिली. माझ्या म्हणींचा निम्मा साठा परक्या म्हणींच्या निमित्ताने गोळा झालेला आहे. गंमत म्हणजे रेव्हरंड मॅनवेअरिंग यांनी 1899 मध्ये मराठी म्हणींचं इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्डहून छापलं, तेव्हा त्यांनी हेच उलट बाजूने केलं होतं. परक्या माणसाने आपली म्हण घेतली आणि शेजारी स्वतःची भाषा ठेवली. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ही आज पडद्यावर वाचता येतो. साधनं आहेत, फक्त कुणीतरी प्रश्न विचारायला हवा.

त्या दिवसापासून मी आणि भाची फोनवर हा खेळ खेळतो. ती फ्रेंच म्हण पाठवते, मी इंग्रजी, आणि मराठी जिला आधी सुचेल तिने लिहायची. थेंबे थेंबे तळे साचे तिने ओळखलं, फ्रेंच पक्षी काडीकाडीने घरटं बांधतो त्यावरून. काही म्हणींना जोडी सापडत नाही, तेव्हा ती आता स्वतःहून तिच्या दुसऱ्या आजीला फोन लावते.

तुमच्या घरात कुणी मूल इंग्रजी किंवा फ्रेंच शिकत असेल, तर त्याने म्हणीचा अर्थ सांगितल्यावर वाहवा जरूर करा, आणि लगेच विचारा, “मराठीत काय म्हणतात?” त्याला आलं नाही तर तुम्ही सांगा. तुम्हालाही आलं नाही तर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा, आणि हे आजच करा.