पांढऱ्याची जागा

मोती सुंदर, रंगीत खडाही सुंदर, तेव्हा दोघांना एकत्र आणले की दागिना दुप्पट सुंदर होईल, हा हिशेब कागदावर बरोबर वाटतो आणि गळ्यात घातल्यावर चुकतो. सारख्या मापाचा एक मोती, मग एक लाल खडा, पुन्हा मोती, पुन्हा खडा असा सर ओवून पाहावा. चार हातांवरून त्यात ना मोत्याचे पाणी दिसते, ना खड्याचा रंग. दिसते ती पट्ट्यापट्ट्यांची एक माळ. दोघेही लक्ष मागतात आणि दोघांनाही ते अर्धेच मिळते. मोती आणि रंग यांच्यात बरोबरीची वाटणी चालत नाही. एकाने पट व्हायचे, दुसऱ्याने त्या पटावरचा ठिपका. पट कोणी आणि ठिपका कोणी, याची महाराष्ट्राने दोन उत्तरे दिली आहेत, आणि समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात ती दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. हाताने दागिने घडवणाऱ्या आजच्या कारागिराला त्यांतले दुसरे उत्तर जास्त उपयोगी आहे, असे माझे मत आहे.

पहिले उत्तर सर्वांच्या ओळखीचे. नथीत सोन्याच्या तारेवर मोती ओवलेले असतात आणि त्यांच्या घोळक्यात एखादा लाल किंवा गुलाबी खडा, एखादा हिरवा. कुडीत सहा मोत्यांच्या मधोमध कधी सातवा मोती, कधी माणकाचा ठिपका. तन्मणीत मोत्यांचे अनेक सर आणि खाली खड्यांनी जडवलेले एकच खोड. चिंचपेटीच्या चौकटी मोत्यांनी भरलेल्या, रंग मध्ये बेताचा. या सगळ्यांत मोती अनेक आणि खडा मोजका. पांढरा हा पट आहे आणि रंग हा ठिपका. पेशवाईच्या वैभवाशी आपण या घडणीचे नाते जोडतो, त्यामुळे हे प्रमाण केवळ श्रीमंतीतून आले असे वाटते: मोती भरपूर होते म्हणून भरपूर वापरले. पण तेवढेच कारण असते, तर माणके परवडणाऱ्यांनी माणकांचाही तसाच सडा घातला असता. तसे झाले नाही, कारण हे प्रमाण पदार्थांच्या स्वभावातून आले आहे.

मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिशय पातळ थरांची रचना. प्रकाश त्या थरांत शिरतो, विखुरतो, परत येतो, आणि त्यालाच आपण मोत्याचे पाणी म्हणतो. अशा पृष्ठभागावर शेजारचा रंगही उतरतो. शिवाय डोळ्याचा खेळ वेगळाच. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाईचा कारभार पाहणाऱ्या मिशेल शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती की काळ्या धाग्याचा रंग कच्चा आहे. धागा निर्दोष होता. दोष शेजारच्या रंगाचा होता. रंग एकमेकांना कसे बदलतात, याचा नियम त्यांनी 1839 साली ग्रंथरूपाने मांडला. लाल रंगाशेजारचा पांढरा किंचित हिरवट भासतो, हिरव्याशेजारचा किंचित तांबूस. आता नथीकडे पुन्हा पाहा. तिथे लाल आणि हिरवा हे जोडीने येतात. एकाची छटा दुसरा खोडतो आणि मोती पांढराच राहतो. नथ घडवणाऱ्या सोनाराला शेव्रल ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्याच्या डोळ्याला हे ठाऊक होते असे मानायला नथ हाच पुरावा पुरेसा आहे.

दुसरा पुरावा कठीणपणाचा. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर माणिक 9 वर आहे, गारगोटी 7 वर, आणि मोती साधारण 3 च्या आसपास. धुळीत गारगोटीचे कण असतातच, म्हणजे नुसत्या धुळीनेही मोत्यावर चरे पडतात, मग शेजारी घासणाऱ्या माणकाचे काय सांगावे! म्हणून जुन्या नथीत खडा कोंदणात बसतो आणि त्याच्या व मोत्याच्या मध्ये सोन्याची कड येते. तिसरा पुरावा वजनाचा. माणकाची घनता मोत्याच्या जवळजवळ दीडपट. सरात मध्येच कुठे मोठे माणिक घातले तर तो तिथे ओढला जातो. खाली मधोमध घातले तर तेच वजन सराला डौल देते. तन्मणीचे खोड खाली का, याचे उत्तर गुरुत्वाकर्षणात आहे. रंगाने, कठीणपणाने आणि वजनाने, तिन्ही वाटांनी आपण एकाच ठिकाणी पोहोचतो: खडा कमी, वेगळा आणि ठरलेल्या जागी.

हे मोती यवतमाळसारख्या ठिकाणी यायचे कुठून? हा जिल्हा वऱ्हाडचा, आणि वऱ्हाड निजामाचे. 1853 साली निजामाने ते इंग्रजांच्या हवाली केले, तरी नावापुरती त्याची मालकी पुढेही राहिली. 1905 पर्यंत या जिल्ह्याचे नावही यवतमाळ नव्हते. तो वणीच्या नावाने, ‘वून’ जिल्हा म्हणून ओळखला जाई. निजामाचे हैदराबाद म्हणजे मोत्यांची पेठ. इराणच्या आखातातले, बसऱ्याचे म्हणून ओळखले जाणारे मोती मुंबईत उतरत, निवडले जात, आणि त्यांना वेज पाडण्यात व ओवण्यात हैदराबादच्या कारागिरांचा हातखंडा होता. भारत सरकारने 1995 साली सुमारे 218 कोटी रुपयांना घेतलेल्या निजामाच्या जवाहिरात मोत्यांचा सातलडा आहे, तो त्या पेठेच्या ऐश्वर्याची साक्ष देतो. आजही नागपूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग याच जिल्ह्यातल्या पांढरकवड्यावरून जातो. तेव्हा समुद्र नाही म्हणून मोत्याशी संबंध नाही, हे म्हणणे टिकत नाही. मोती नेहमीच वाटेने येत आला आहे, आणि या जिल्ह्याने वाट पाहिलेली आहे.

समुद्रातला आणखी एक पांढरा जिन्नसही इथे वाटेनेच आला. तो आणला लमाणांनी, म्हणजे बंजाऱ्यांनी. बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ देशभर वाहणाऱ्या या समाजाची मोठी वस्ती पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत आहे. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक याच समाजातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. बंजारा स्त्रीचा जुना पोशाख जवळून पाहिला की दुसरे उत्तर मिळते. फेटिया म्हणजे घागरा आणि कांचळी म्हणजे चोळी, यांच्यावर लाल, निळा, पिवळा, हिरवा असा रंगांचा दाट पट. टाका टाक्याला लागून, कापड दिसेनासे होईल इतका दाट. त्यावर आरशाचे तुकडे आणि मोजक्या जागी पांढरी कवडी: काठाला, गोंड्याच्या टोकाला, जिथे हालचाल होते तिथे. दंडावर पांढऱ्या बलिया, म्हणजे बांगड्या, पूर्वी हस्तिदंती, आता प्लास्टिकच्या. नथीचे गणित इथे उलटे झाले आहे. रंग हा पट आहे आणि पांढरा हा ठिपका. दूर माळावरून ती बाई चालत आली तर आधी रंग दिसतो आणि त्यात पांढरे लुकलुकते. नियम मात्र तोच राहिला: बरोबरीची वाटणी नाही.

कवडी म्हणजे मोती नव्हे आणि घाघऱ्यावरचे भरतकाम म्हणजे दागिना नव्हे, असे कोणी म्हणेल. पहिला मुद्दा किमतीच्या दृष्टीने खरा आहे, घडणीच्या दृष्टीने तितका नाही. कवडी आणि मोती दोन्ही मृदुकाय प्राण्यांनी घडवलेले, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे, दोन्ही पांढऱ्या आणि गुळगुळीत उंचवट्यावर प्रकाश धरणारे. दुसऱ्या मुद्द्याबद्दल म्हणायचे तर अंगावर मिरवायचे ते सोन्यात घडले म्हणजे दागिना आणि सुतात घडले म्हणजे कपडा, ही भिंत सराफाच्या सोयीची आहे. रंगात पांढऱ्याला कुठे जागा द्यायची, या प्रश्नापुरते दोघांचे ज्ञान एकाच तोलाचे आहे.

आज हे दुसरे उत्तर जास्त उपयोगी का, तेही सांगायला हवे. जिल्ह्याचा बराच भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे, आणि या पाषाणाच्या पोकळ्यांत अकीक, गारगोटी, जॅस्पर असे दगड तयार होतात. अकीकाचे मणी घडवण्याची परंपरा गुजरातेत खंभातला शतकानुशतकांची आहे, तिथून मणी सहज मिळतात. अकीक कठीण आहे, धूळ आणि घाम सोसतो. त्याचे वजन मोत्याइतकेच असते, त्यामुळे सर कुठेही झुकत नाही. विटकरी, मधाळ, राखी, हिरवट असे त्याचे रंग दबके आहेत. त्यांच्या पटावर सातआठ मोती ठळक उठून दिसतात. उलट, ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, तिथे घामाने आणि कोरड्या उष्म्याने मोत्याचे पाणी उतरते. मोत्यांनी भरलेला हार तिथे पेटीतच राहतो. मोती थोडे असले तर वापरून झाल्यावर मऊ कापडाने एकेक पुसून ठेवणे जमते.

अशा सराची गाठवणी मात्र हातानेच व्हायला हवी. दोरा रेशमाचा, मोत्याच्या वेजातून जेमतेम जाईल इतपत जाड. मोत्याच्या दोन्ही अंगांना गाठ. ती सैल असतानाच सुईचे टोक तिच्यात घालून गाठ सरकवत मोत्याला भिडवायची, आणि मग सुई हळूच काढून घ्यायची. गाठ अर्धा तांदूळभर लांब राहिली तरी मोती हलतो आणि शेजारच्या दगडावर घासतो. अकीकाच्या मण्याच्या वेजाची कड धारदार असते. ती घासून गोल केली नाही तर वापरता वापरता दोरा कापला जातो. मोती आणि अकीक यांच्या मध्ये चांदीचा बारीक मणी घालावा. नथीतल्या सोन्याच्या कडेचे काम तो करतो. पटवेकऱ्यांना हे सगळे पूर्वापार ठाऊक आहे. सर तुटला तर गाठींमुळे एकच मोती निसटतो, बाकीचे जागेवर राहतात, आणि काही वर्षांनी दोरा कुजला की तेच मणी पुन्हा गाठवता येतात.

परंपरेचा कैवार घेणारे विचारतील की लाल-हिरव्याची जागा विटकरी अकीक कशी घेणार. पण तो हिरवासुद्धा एकेकाळी नवाच होता. कोलंबियातले पाचू भारतात मोठ्या प्रमाणावर येऊ लागले ते सोळाव्या शतकात स्पेनने तो मुलुख जिंकल्यावर, आणि त्यांची एक मोठी वाट पोर्तुगीजांच्या गोव्यातून होती. मोत्याचीही तीच गोष्ट. जपानच्या मिकिमोतो यांनी 1893 साली शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला, पुढे संवर्धित मोत्यांनी आखाताचा बाजार बसवला, आणि आज दुकानात मिळणारे बहुतेक मोती चीनच्या गोड्या पाण्यातले असतात. त्यांना खोटे म्हणणे अन्याय आहे. शिंपल्याने ते खरोखरच घडवलेले असतात, सुरुवात फक्त माणसाने करून दिलेली असते. पदार्थ बदलत आले. टिकले ते प्रमाण, आणि परंपरा म्हणून जपायचे तर तेच जपावे.

सगळ्यात जड आक्षेप दागिन्यांच्या बाहेरचा आहे. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर घेतले जाते, तिथे मोती आणि खडे यांची चर्चा कशाला? एखाद्या माळेने कोणाचे कर्ज फिटत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे. पण नटणे ही सुबत्तेनंतरची गोष्ट आहे, हे बंजारा तांड्यांनी कधी मानले नाही. इंग्रजांच्या सडका-रेल्वेने बैलांचा व्यापार बुडवला, तरी त्यांच्या सुया थांबल्या नाहीत. त्या आक्षेपातून एक अट मात्र निघते. आज शहरातल्या दुकानांत कवड्या-आरशांचे नमुने सर्रास विकले जातात आणि ज्यांच्याकडून ते आले त्यांचे नावही तिथे नसते. नमुना उचलणे ही नक्कल झाली. नियम समजून घ्यावा, त्यावर नवी घडण करावी, आणि गाठवणीचे काम जिल्ह्यातल्याच हातांना द्यावे. चांगल्या सरात किमतीचा मोठा वाटा त्या गाठींचा असतो. दागिना विकताना मोत्यांची प्रत सांगितली जाते, खड्याचे नाव सांगितले जाते. तसेच गाठवणाऱ्या बाईचे नाव आणि तिची मजुरी बिलावर वेगळी छापली, तर गिऱ्हाईक नेमके कशाचे पैसे देते, हे त्यालाही कळेल आणि तिलाही.