नकाशावरचा बाण

हवामानबदल, संघर्ष आणि स्थलांतर हा माझा अभ्यासविषय. वीस वर्षं तोच शिकवते आहे. नातेवाइकांना तो समजावून सांगणं मात्र अजून जमत नाही. 'पाऊस आणि भांडणं' असं काहीतरी सांगून मी सुटका करून घेते.

सुरुवातीला मलाही तो तितकाच सोपा वाटला होता. पाऊस गेला, माणसं निघाली, शहरात गर्दी झाली, भांडणं पेटली. नकाशावर बाण काढत जायचं. २०१५ साली सीरियाविषयीचा असाच एक शोधनिबंध जगभर गाजला. २००६-०७ पासून तिथे भीषण दुष्काळ, ईशान्येकडचे शेतकरी शहरांकडे आले, २०११ मध्ये उठाव झाला. मी उत्साहानं त्यावर व्याख्यान तयार करायला घेतलं.

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता. अम्मीनं चष्मा लावून विचारलं, हा बाण कसला? दुष्काळात लोक गाव सोडतात तो, मी म्हणाले. बहात्तरच्या दुष्काळात तीही बीड जिल्ह्यातून भिवंडीला गेली होती. मी पोटात होते. ती म्हणाली, "पानी गया तो बी हम रुके थे. दुकानवाले ने उधारी बंद करी, तब निकले." लाल मिलोच्या भाकरी खाऊन, खडी फोडून त्यांनी दिवस काढले होते. हे लहानपणापासून ऐकत आले होते, पण कधी टिपून घेतलं नव्हतं. घरातली माहिती ही माहिती वाटतच नाही!

मी पुन्हा सीरियाकडे वळले. म्हणजे कागदांकडे, प्रत्यक्ष जाणं कुठलं शक्य. २००८ मध्ये तिथल्या सरकारनं डिझेलवरचं अनुदान कमी केलं होतं. भाव तिपटीहून वर गेला. भूजल आधीच खोल गेलेलं, त्यात पंप चालवणं परवडेना. पुढे खतांचंही तेच झालं. म्हणजे इथेही उधारी बंद झाली होती. २०१७ मध्ये सेल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की दुष्काळानं उठलेल्या माणसांमुळे युद्ध पेटलं, असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

माझ्या जुन्या लेखात स्थलांतरितांसाठी 'लोंढे' हा शब्द चार वेळा आहे. तो वाचताना भिवंडी आठवते. १९८४ च्या दंगलीत अब्बा ज्या कारखान्यात मागावर होते, तो जळाला आणि आम्ही पुण्याला आलो. पावसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आम्ही भांडण घेऊन भिवंडीला गेलो नव्हतो. भांडणानं आम्हाला तिथे गाठलं.

आता माझ्या प्रश्नावलीत 'स्थलांतराचे कारण' याच्या आधी एक प्रश्न आहे : निघण्यापूर्वी किती महिने थांबलात? पहिला फॉर्म अम्मीचा भरला. बोटं मोजून ती म्हणाली, "ग्यारा."